मेढीवर उभं राहिलेलं घर

सिल्वासातून खानवेलच्या रस्त्याला लागलं की आधी कारखान्यांच्या कुंपणभिंती सोबत करतात. त्यांच्या पाठीमागे कामगारांना भाड्याने द्यायच्या खोल्यांच्या चाळी. मग हळूहळू साग सुरू होतो, रस्ता वळणं घेऊ लागतो आणि भाताच्या खाचरांच्या कडेला घरं दिसायला लागतात. ही घरं जरा थांबून पाहावीत अशी आहेत. एकाच अंगणात पुढे विटेची, पोपटी किंवा गुलाबी रंगाची खोली असते. मागे कारवीच्या कुडाचं, कौलारू जुनं घर असतं आणि दोहोंच्या मधे पत्र्याची पडवी. टीव्ही, कपाट आणि कागदपत्रं पुढच्या खोलीत. चूल, धान्य आणि देव मागच्या घरात. पाहुणा पुढे बसतो, पण चहा मागून येतो.

दादरा-नगर हवेलीतल्या शेतकऱ्याचं घर सध्या असं दोन भागांत नांदतं आहे. वारली, कोकणा, धोडिया, काथोडी या समाजांची इथे मोठी वस्ती आहे. २०११च्या जनगणनेत निम्म्याहून जास्त लोकसंख्या आदिवासी होती. त्यांच्या घरांचा कुडाकडून विटेकडे चाललेला प्रवास ‘कच्चं घर’ आणि ‘पक्कं घर’ एवढ्या दोन शब्दांत उरकला जातो. सरकारी अर्जावर ते ठीक आहे. घर समजून घ्यायला मात्र ते पुरत नाही.

दूरच्या एका देशातल्या शेतकऱ्यांनीही हीच वाट तीन-चारशे वर्षांपूर्वी तुडवली. इंग्लंडमधली लाल विटांची, उंच धुराड्याची शेतघरं आज चित्रांत आणि कॅलेंडरांवर दिसतात. त्यांतल्या कित्येकांच्या पोटात लाकडी सांगाडा आहे आणि त्या सांगाड्यात एके काळी कूडच भरलेला होता. त्यांनी विटा घेताना काय टाकलं आणि काय ठेवलं, हे खानवेल-दुधनीच्या अंगणात उभं राहून पाहिलं, तर आपल्यासमोरचा प्रश्न बराच स्पष्ट होतो.

आधी छप्पर, मग भिंत

कुडाच्या घराची सुरुवात भिंतीपासून होत नाही. आधी खड्डे खणून मेढी रोवतात. मेढ म्हणजे वरच्या टोकाला बेचकं असलेला लाकडी खांब. लाकूड साग, खैर, ऐन असं, जमिनीत टिकणारं. बेचक्यांत आडवी लाकडं बसतात. मधल्या उंच मेढींवर आढं चढतं, आढ्यापासून दोन्ही बाजूंना वासे उतरतात आणि वाशांवर बांबूच्या रिपा येतात. बांधायला बांबूच्या सालपट्ट्या नाहीतर झाडाच्या सालीचे दोर. वर पूर्वी गवत किंवा भाताचा पेंढा असायचा, पुढे कुंभाराची नळीची कौलं आली आणि मग मंगलोरी कौल. (बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला तो १८६५ साली. तिथून हे चपटं, एकमेकांत अडकणारं कौल सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरलं.)

इथवर घर उभं राहिलेलं असतं. छप्पर आहे, भिंत अजून नाही.

त्यानंतर कूड. कारवीच्या काठ्या जवळजवळ उभ्या लावायच्या, आडव्या बांबूच्या पट्ट्यांनी आवळायच्या आणि दोन्ही अंगांनी माती, शेण, भाताचा तूस किंवा बारीक पेंढा कालवून लिंपायचं. लिंपण सुकलं की वरून शेणाचं सारवण. ही भिंत जेमतेम चार बोटं जाड भरते. छपराचं कसलंच ओझं तिच्यावर नसतं. ती नुसता आडोसा करते. म्हणून तर मुलाचं लग्न झालं की एक कूड काढून दोन मेढी पुढे रोवता येतात. दार उत्तरेचं पूर्वेला नेता येतं. भिंतीचा एक तुकडा वाळवीने खाल्ला तर तेवढाच बदलता येतो. आणि या कामाला बाहेरचा कारागीर लागत नाही. घरची माणसं, भाऊबंद आणि पाड्यावरचे शेजारी मिळून घर उभं करतात.

मातीच्या भिंतीचा खरा वैरी पाऊस. या प्रदेशात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि बहुतेक सगळा चार महिन्यांत. म्हणून छप्पर इतकं खाली उतरवतात की उंच माणसाला वाकून आत जावं लागतं. पागोळ्या भिंतीपासून हातभर लांब पडल्या पाहिजेत. पावसाळ्याच्या तोंडावर पेंढ्याचं छप्पर शाकारायचं, कौलं चाळायची, पायाशी मातीची भर घालायची. दिवाळीच्या सुमाराला पावसाने धुतलेल्या भिंती पुन्हा लिंपायच्या. घर दरवर्षी थोडं नव्याने बांधलं जातं.

या सगळ्याला कच्चा माल लागतो तो रानातून आणि गोठ्यातून. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, बी धरते आणि वाळून जाते. वाळलेल्या कारवीच्या काठ्या कुडाला घेतात. म्हणजे रानाच्या ज्या उतारावर कारवी आहे, तिथे माणसाला जायला मोकळीक हवी. दारात गुरं हवीत. आणि पेंढा गुरांना घालून उरला पाहिजे. यांतलं एक जरी तुटलं तरी कूड अवघड होतो. गेल्या काही दशकांत तिन्ही थोडी थोडी तुटली आहेत.

धुराचं काम

घरात शिरल्यावर आधी काळोख आणि मग गारवा. मोठी एकच खोली, तिच्यात कुडाचाच आडोसा करून केलेला चुलीचा भाग. गुरं बहुधा याच छपराखाली, एका अंगाला. वर बांबूचा माळा. भात कणगीत: बांबूची विणलेली, शेणाने लिंपलेली. पुढच्या वर्षाचं बियाणं चुलीच्या वर, धुरात टांगलेलं.

या घराला धुराडं नाही. चुलीचा धूर माळ्यातून वर चढतो, वाशांना काळं करतो आणि कौलांच्या फटींतून बाहेर पडतो. बाहेरच्याला ही गैरसोय वाटते आणि एका अर्थी ती आहेच. पण हाच धूर बियाणाला कीड लागू देत नाही, बांबूत भुंगे शिरू देत नाही आणि पावसाळ्यात छपराची ओल आतून सुकवतो. तीस-चाळीस वर्षांचा काळाभोर वासा खालून ठोकून पाहिला तर खणखणीत वाजतो.

विल्यम हॅरिसन नावाच्या इंग्रज पाद्र्याने १५७७ साली आपल्या देशाचं वर्णन लिहिलं. एसेक्समधल्या त्याच्या गावातले म्हातारे काय पाहून चकित होत होते, ते त्यात आहे. हल्ली घरोघरी झालेली धुराडी त्यांना विशेष वाटत होती. धुराने लाकूड कणखर होतं, अशी जुन्या लोकांची समजूत होती, हेही हॅरिसन नोंदवतो. सिल्वासाच्या दक्षिणेकडच्या पाड्यांवर हेच बोलणं आजही ऐकू येईल.

धुराची किंमत मात्र बाईच्या डोळ्यांनी आणि छातीने मोजली जाते. चुलीपुढे तास न् तास बसणाऱ्या बाईला नव्या खोलीत गॅस हवा असेल, तर त्यात जुनं सोडल्याचा दोष तिला देता येणार नाही. प्रश्न निघतो तो पुढे. गॅस आला, चूल विझली, की वरचा माळा, कौलांखालचे वासे आणि कणगीतलं धान्य यांची राखण कोण करणार? मागच्या घरातली चूल अजून पेटती का ठेवली जाते, त्याचं एक कारण इथे आहे.

तिकडचा कूड

इंग्लंडच्या ससेक्स, केंट, सफोक या भागांतली जुनी शेतघरं ओकच्या जाड तुळयांच्या सांगाड्यावर उभी आहेत. खांब, तुळई, आढं सगळं आधी जोडून घ्यायचं आणि मधल्या चौकटी नंतर भरायच्या. चौकटीत ओकच्या उभ्या काठ्या बसवत, त्यांत हेझलच्या लवचीक फांद्या विणत आणि वर माती, शेण आणि पेंढा यांचा गारा थापत. कारवीच्या जागी हेझल, बाकी कृती तीच. हेझलची झाडं बुंध्याशी तोडून पुन्हा फुटू द्यायची, साधारण सात-आठ वर्षांनी पुन्हा तोडायची, अशी रानाची पाळी तिथे बांधलेली होती. घराचा माल मिळत राहावा म्हणून रान राखलं जात होतं.

सोळाव्या-सतराव्या शतकात वीट खेड्यांत उतरली. आधी धुराड्यासाठी, कारण आगीपाशी लाकूड-माती धोक्याची. १६६६ साली लंडन जळालं आणि पुढच्याच वर्षीच्या कायद्याने शहरात वीट-दगडाचं बांधकाम सक्तीचं झालं; विटेचा मान वाढला. खेड्यातल्या शेतकऱ्याने काय केलं? बहुतेकांनी घर पाडलं नाही. चौकटीतली गळून पडलेली माती काढली आणि तिथे विटा भरल्या, कधी सरळ थरांत, कधी तिरप्या, माशाच्या काट्यासारख्या नक्षीत. ज्याच्याकडे पैसा होता त्याने रस्त्याकडच्या दर्शनी बाजूला विटेची नवी भिंत चढवली आणि मागची बाजू जुनीच ठेवली. मागच्या छपराची एक पाख जवळजवळ जमिनीपर्यंत उतरवून तिच्याखाली दूधदुभत्याची आणि सामानाची जागा केली. आपली पडवीच ती.

१७८४ साली तिथल्या सरकारने विटांवर हजारी कर बसवला. अमेरिकेतल्या युद्धाचं कर्ज फेडायचं होतं. लोकांनी मोठ्या विटा पाडायला सुरुवात केली, म्हणजे मोजणीत कमी भरतील. मग सरकारने मोठ्या विटेवर जास्त कर लावला. १८५० साली हा कर उठला तोवर विटेचं माप कायमचं बदललं होतं.

एक धडा त्यांना उशिरा मिळाला. विसाव्या शतकात अनेक जुन्या घरांच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढवला गेला. आत शिरलेली ओल बाहेर पडेना आणि चारशे वर्षं टिकलेले ओक आतून कुजू लागले. विल्यम मॉरिसने १८७७ साली काढलेली जुन्या इमारतींच्या रक्षणाची संस्था आजही लोकांना सांगत असते, की सिमेंट काढा, चुना-माती लावा, भिंतीला श्वास घेऊ द्या. आपल्याकडे कुडावर सिमेंट थापण्याचं काम जोरात आहे. कारवी हलते, सिमेंट हलत नाही; पहिल्या पावसात भेगा, भेगांतून पाणी, पाण्यामागून वाळवी. मेढ जमिनीलगत कुजते तेव्हा कळतं, तोवर फार उशीर झालेला असतो.

जमीन कुणाच्या नावावर

इंग्लंडमध्ये वीट आली ती फॅशन म्हणून का? डब्ल्यू. जी. हॉस्किन्स या इतिहासकाराने १९५३ साली एक गाजलेला लेख लिहिला. १५७० ते १६४० या काळात ग्रामीण इंग्लंडची घरं नव्याने बांधली गेली, असं त्याचं म्हणणं होतं. नंतरच्या अभ्यासकांनी काळाबद्दल वाद घातला. त्याने दिलेलं कारण मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे. शेतमालाचे भाव चढत होते, जमिनीचे खंड पूर्वीच्या दरात अडकलेले होते आणि कसणाऱ्याचा जमिनीवरचा हक्क पक्का होता. हातात पैसा आणि पायाखाली आपली जमीन, मग माणसाने घर पक्कं केलं.

हे वाचून दादरा-नगर हवेलीकडे वळलं की इथला कूड वेगळा दिसू लागतो. नगर हवेली १७८३ साली मराठ्यांकडून पोर्तुगिजांकडे गेली आणि दादरा १७८५ साली. सिल्वासा मुख्य ठाणं झालं १८८५ मध्ये. गावातलं अवर लेडी ऑफ पायटी चर्च १८९७ सालचं. सरकार आणि चर्च पक्क्या इमारतींत आले, भोवतीची खेडी मेढी-कुडात राहिली. जमीन अलवारा, कौल, तेरम अशा नावांच्या पोर्तुगीज व्यवस्थांत बांधलेली. मोठाले तुकडे अलवारादारांच्या हाती; रान साफ करणारा आणि भात लावणारा आदिवासी बहुधा कूळ किंवा मजूर. ज्या जमिनीवरून उद्या उठावं लागेल, तिथे चुन्या-विटेचं घर कोण बांधील?

२ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झालं. त्या लढ्यात गायक-संगीतकार सुधीर फडके होते, हे मराठी वाचक अभिमानाने सांगतो. जमिनीची मुक्ती त्यानंतर बऱ्याच वर्षांनी सुरू झाली. अलवारा आणि इतर जुन्या व्यवस्था मोडणारा जमीन सुधारणा कायदा १९७१ सालचा. कूड हा केवळ परंपरेचा किंवा निसर्गप्रेमाचा भाग होता, असं म्हणणारे हा इतिहास विसरतात. कुडाच्या घरात शहाणपण आहे, तसाच नाइलाजही होता. दोन्ही मानलं पाहिजे.

पंचवीस चौरस मीटर

२०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) घराचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर धरलं आहे, स्वयंपाकाच्या जागेसह. आधीच्या इंदिरा आवास योजनेत ते २० होतं. मैदानी भागात १.२० लाख आणि डोंगराळ भागात १.३० लाख रुपये, हप्त्याहप्त्याने, बांधकामाच्या टप्प्याचा फोटो चढला की पुढचा हप्ता. सोबत रोजगार हमीची मजुरी.

विटेचं घर का हवं, हे विचारलं तर उत्तरं रोखठोक असतात. साप-विंचू शिरत नाही. आग लागत नाही. कुलूप लावून कामाला जाता येतं. दरवर्षी लिंपायला लागत नाही, आणि लिंपण हे बायकांचं काम. कारखान्यात पाळी करून आलेल्या सुनेने रविवारी शेण कालवावं, अशी अपेक्षा कुणी कुठल्या तोंडाने करायची? कारवी आणायला रानात गेलं तर हटकलं जाण्याची भीती. २००६च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर हक्क दिला आहे, पण कायद्यातला हक्क रानाच्या पायवाटेवर दाखवता येणं ही वेगळी गोष्ट.

हे सगळं खरं आहे. तरी पंचवीस चौरस मीटरच्या खोलीत कणगी कुठे ठेवायची, गाय कुठे बांधायची, पावसाळ्यात भाताचे भारे कुठे टाकायचे, याचा विचार नकाशात नसतो. तो नकाशा राहायच्या खोलीचा असतो, शेतकऱ्याच्या घराचा नाही. पत्र्याच्या किंवा पातळ स्लॅबच्या छपराखाली एप्रिलच्या दुपारी माणसं बसूच शकत नाहीत. ती उठून मागच्या कुडाच्या घरात जातात. म्हणून जुनं घर पाडलं जात नाही. लोकांनी पायांनी दिलेला हा निकाल आहे आणि आराखडे काढणाऱ्यांनी तो गंभीरपणे वाचायला हवा.

चौक कुठे काढायचा

वारली घरात लग्न निघालं की आतल्या भिंतीवर गेरू चढतो. सवाशिणी तांदळाच्या पिठाने, टोक चावून कुंचला केलेल्या बांबूच्या काडीने लग्नचौक काढतात. चौकात पालघट देवी, भोवती झाडं, चंद्र-सूर्य, जनावरं. ही चित्रं १९७०च्या दशकात कागदावर आली आणि डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे जगभर गेले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आता ती विमानतळांवर आणि साड्यांवर दिसतात. त्यांचं मूळ घर मात्र शेणाने सारवलेली, गेरू शोषून घेणारी खरखरीत भिंत.

ऑइलपेंटच्या गुळगुळीत भिंतीवर गेरू धरत नाही, पीठ सुकलं की पोपडे पडतात. त्यामुळे कुठे चौक मागच्या घरात काढतात, कुठे कापडावर काढून भिंतीला टांगतात, कुठे पांढऱ्या तयार रंगाने काम भागवतात. धार्मिक विधी अडत नाही. पण भिंत आणि चित्र एकाच मातीचं असण्यातली गोष्ट हरवते, आणि घराची एक भिंत शेणा-गेरूसाठी मुद्दाम राखून ठेवणं सिमेंटच्या घरातही अगदी शक्य आहे. अर्ध्या विटेची, मातीच्या गिलाव्याची एक आतली भिंत. खर्च कमीच होईल.

विटा कुणी पाडल्या

इथल्या बांधकामाला लागणाऱ्या विटांमागे एक अस्वस्थ करणारी गोष्ट आहे. भात झोडून झाला, दिवाळी सरली की शेजारच्या पालघर जिल्ह्यातली आणि आसपासची वारली, कातकरी कुटुंबं उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात. गारा तुडवायचा, साच्यात थापून विटा पाडायच्या, वाळवायच्या, भट्टी रचायची. पाऊस येईपर्यंत मुक्काम तिथेच. घर बांधायचा हंगामही नेमका हाच. जे हात स्वतःचं घर उभारू शकतात, ते दुसऱ्यांच्या घरांच्या विटा पाडायला बाहेर असतात आणि गावातलं घर ठेकेदाराचा गवंडी बांधतो.

मग वीट जपून वापरावी, हे ओघानेच आलं. इथे पुन्हा एका इंग्रजाचं नाव घ्यावं लागतं. १९१७ साली बर्मिंगहॅमला जन्मलेले लॉरी बेकर भारतात आले, केरळात स्थायिक झाले आणि २००७ साली तिरुवनंतपुरमला वारले. ‘रॅट-ट्रॅप बाँड’ म्हणून ओळखली जाणारी रचना त्यांनी इथे रुजवली. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या रचायच्या, म्हणजे नऊ इंची भिंतीच्या पोटात पोकळी राहते. इंग्लंडमध्ये ही रचना शेतावरच्या झोपड्या आणि गोठ्यांसाठी वापरत, कारण विटा वाचतात. बचत साधारण पाव हिश्श्याची आणि पोकळीतल्या हवेमुळे भिंत तापतही कमी. सिल्वासाच्या उन्हाला ही भिंत चांगली मानवेल.

त्याहून महत्त्वाची गोष्ट मेढींची. इंग्रज शेतकऱ्याने सांगाडा ठेवला आणि चौकट बदलली, म्हणून त्याचं घर चारशे वर्षं त्याच्या गरजेप्रमाणे वाढत राहिलं. इथेही काही कुटुंबं आपल्या मनाने तेच करताना दिसतात: मेढी आणि कौल तसेच, खालची कमरेइतकी भिंत विटेची, वर कूड, किंवा तीन बाजू विटेच्या आणि चुलीची बाजू कारवीची, हवा खेळावी म्हणून. पाऊस आपटतो तो भाग विटेचा, धूर निघायला हवा तो भाग कुडाचा. या घरांना कुणी वास्तुविशारद लाभलेला नाही, तरी सगळ्या सरकारी नमुन्यांपेक्षा ती जास्त विचारपूर्वक बांधलेली आहेत.

ग्रामीण विकास मंत्रालयाने २०१६ साली ‘पहल’ नावाचा संग्रह काढला. त्यात अनेक राज्यांसाठी स्थानिक साहित्याच्या घरांचे नमुने आहेत, म्हणजे योजनेच्या पैशात लाकूड, बांबू, माती बसू शकते. हा निर्णय घ्यायची वेळ मात्र फार लवकर येते. पहिला हप्ता जमा झाला की चुन्याची फक्की मारून जोतं आखलं जातं आणि जोतं भरलं की फोटो चढतो. मेढी कुठे येणार, पडवीची पाख किती उतरणार, गुरांचं दार कुठल्या अंगाला, हे त्याआधी ठरलं नाही तर पुढे बदलायला जागाच राहत नाही. ग्रामपंचायतीच्या तांत्रिक साहाय्यकाने घरच्या बाईला सोबत घेऊन जुन्या घरात बसावं, चुलीपासून कणगीपर्यंत सगळं मोजून घ्यावं आणि मगच फक्की मारावी. त्यासाठी अर्धा दिवस पुरतो, आणि तो दिवस दिवाळीनंतर लगेच, माणसं भट्टीवर जायच्या आत काढावा लागतो.